दांड्यावरचा लाल ठिपका

शहराला पाणी चढवणाऱ्या पंपघरात दोन डिझेल इंजिनं होती. एकाला सगळे थोरली म्हणत, दुसऱ्याला धाकटी, आणि दोघींचं अगदी जावांसारखं होतं: एक कामाला लागली की दुसरी हटकून रुसायची. थोरलीवर तिचा नवरा कामाला होता. तो अचानक गेल्यावर त्याच्या जागी तिला नोकरीवर घेतलं, तेव्हा त्याची थोरली तिच्या वाट्याला आली.

"कूलर पुसायचा पगार देतात होय गं?" सासू विचारायची. म्हातारीच्या डोळ्यांसमोर घरातला पंख्याचा कूलर. इंजिनात जाणारी हवा आधी तापते, ती थंड करायच्या पेटीला इंटरकूलर म्हणतात, हे सुनेनं तिला कधी समजावून सांगितलं नाही. समजावायला अंगात जीव लागतो. तिला तर नवरा गेल्यापासून काही वाटेनासंच झालं होतं. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, कुणाचा रागही येत नव्हता. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा, बाईचा दगड झाला होता.

काम मात्र चोख. पेटीतल्या पातळ पत्र्यांच्या जाळीवर तेलकट काजळी बसते. ती औषधाच्या पाण्यात भिजवायची, मऊ ब्रशानं काढायची, धुवायची, वाळवायची. नवरा जेवताना या सगळ्यावर तोंड भरून बोलायचा आणि ही हं हं करायची, तेवढंच तिचं शिक्षण. जाळी अशी लखलखायची की फोरमन इतरांना बोलावून दाखवायचा.

या सगळ्यात तिला जपायची होती एकच गोष्ट. पेटीला थंड पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर एक लाल ठिपका होता आणि खाली पाइपावर दुसरा. दोन्ही तिच्याच नेलपॉलिशचे. नवऱ्यानं न विचारता बाटली नेली होती, त्यावरून घरात चांगलं वाजलंही होतं. नवी आणून देतो म्हणाला, आणली नाही. आता रोज कामावर आली की ती आधी ठिपक्याला ठिपका जुळवायची आणि मगच इंजिन चालू करायची.

पुढे हवा बदलली. दमट झाली, भिंतींना घाम फुटला. पेटीखालच्या तोटीतून पाणी पडू लागलं. तिनं खाली बादली लावली. भरली की ओतायची आणि परत लावायची.

फोरमन तिच्या नवऱ्याचा दोस्त. फेरी मारता मारता तो बादलीपाशी थबकला.

"वहिनी, हे रोजचं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"निघतंय ना बाहेर."

"अहो, जेवढं निघतंय तेवढंच दिसतंय. बाकीचं इंजिनात चाललंय!"

त्यानं थोरली बंद केली आणि हवेच्या वाटेवरचं झाकण उघडलं. आत ओल होती. धुऊन पुसून ठेवलेल्या जाळीच्या कडेला पांढरा बुरशीसारखा थर धरला होता, आणि पुढे इंजिनात हवा घेणाऱ्या व्हॉल्व्हवर तांबडा गंज. तिनं बोट फिरवलं. बोट तांबडं झालं. तरी तिला काही वाटलं नाही.

"पाणी जास्त सोडलंय," फोरमन म्हणाला. "ओल्या हवेला इतकं गार केलं की तिचं पाणी होतं. त्यात तुमची जाळी स्वच्छ, म्हणजे आणखीच गार. दांडा मागे घ्यायला हवा होता."

"खुणेवरच आहे."

"कुठल्या खुणेवर?" त्यानं वाकून पाहिलं. "वहिनी, ही खूण त्यानं रजेवर जाताना केली होती. बदलीवाल्यासाठी. भर उन्हाळा होता तेव्हा. तो स्वतः कधी ठेवायचा खुणेवर? पाइपाला हात लावायचा, बाहेरची हवा बघायचा आणि दांडा हलवायचा."

ती ठिपक्यांकडे बघत राहिली.

गंज पुसून, पेटी वाळवून थोरली पुन्हा चालू केली, तेव्हा संध्याकाळ होत आली होती. "मी घेऊ का मागे?" फोरमननं विचारलं.

"नको."

तिनं डावा हात पाइपावर ठेवला आणि उजव्यानं दांडा धरला. हात हलेना. मग हलला. ठिपक्यापासून ठिपका सुटला, बोटभर लांब गेला. पाइप हळूहळू कोमट झाला. तोटीची धार थेंबावर आली आणि थांबली.

"इथं खूण करून ठेवू, वहिनी?"

"नको. उद्या हवा वेगळी असेल."

घरी आली तर सासूनं नेहमीसारखं विचारलं, "पुसलास का गं कूलर?"

"आई, बसा. सांगते." तिनं ताट वाढून घेतलं आणि घास घेता घेता सांगू लागली, हवा कशी तापते, कशी गार करतात, फार गार केली की तिचं पाणी कसं होतं आणि ते इंजिनाला कसं खातं. हातवारे करून सांगत होती. सासू हं हं करत होती. मग तिचं हं हं थांबलं.

"असंच बोलायचा गं तो," म्हातारी म्हणाली. "तोंडात घास घेऊन."

सुनेनं हातातला घास परत ताटात ठेवला. फार दुखलं. किती दिवसांनी दुखलं.