काचेच्या कपाटातून सुटलेली काठवट

मित्रांनो, मी एक जुनी काठवट आहे, आणि जुनी असल्याचा मला भारी तोरा आहे! तुमच्याकडची काठवट एका ओंडक्यातून कोरतात. माझ्या मात्र सुवासिक लाकडाच्या फळ्या एकमेकींना बिलगून उभ्या, वरून तांब्याचे दोन पट्टे. हिमी बंदरात कुरोसेकाकांच्या सुशीच्या दुकानात रोज वाफाळता भात माझ्यात पडे. काका त्यावर आंबट शिरका शिंपडून तो हलक्या हाताने मोकळा करत. जास्तीचं पाणी मी पिऊन टाके. मासा कितीही ताजा असो, खरी सुशी भातात, असं काका म्हणत. आणि भात तर माझा!

काका थकले. दुकान लेकीकडे, चिगुसाकडे आलं. तिने चकचकीत स्टीलचं पातेलं आणलं आणि मी गेले त्सुगेसाहेबांच्या घरी. हा माणूस काकांचा असा भक्त, की त्यांची टोपी, चहाचा पेला, जुनी पाटी, सगळं काचेच्या कपाटात! मला मधोमध बसवलं. पाहुणे माझ्यापुढे वाकत. सुरुवातीला मलाही गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू? पण कोरड्या हवेत माझ्या फळ्या आक्रसल्या. एक दिवस खालचा पट्टा खणकन घसरला. साहेब म्हणाले, "वा! जुन्या वस्तूची शोभा!" मी रडले असते हो, पण रडायला अंगात पाणी तरी हवं ना!

तिकडे दुकानात स्टीलच्या पातेल्यात भाताचा गिचका होऊ लागला. हामाजीआजोबा, बंदरातले जुने कोळी, चारचौघांत म्हणाले, "बाईचा हात गरम, त्याने भात बिघडतो. तिला सुशी जमायची नाही."

"हात नाही आजोबा, पातेलं चुकलं," चिगुसा म्हणाली.

"नाचता येईना, अंगण वाकडं! शनिवारी शेवटचा येईन. नाही जमलं, तर आम्ही सगळे समोरच्या दुकानात."

ते गेले, की दुकानाला कुलूपच. चिगुसा तडक त्सुगेसाहेबांकडे आली.

"छे, छे! हिच्यात कुरोसेगुरुजींचा हात आहे," ते कपाटाला पाठ लावून उभे राहिले.

"हात कसला साहेब, भेगा आहेत!" त्यांना बाजूला सारून तिने कपाट उघडलं आणि माझ्या फटीतून करंगळी आरपार घातली. "जपता जपता मारताय तुम्ही हिला."

बिचाऱ्यांचा चेहरा उतरला. त्यांनीच मला उचलून तिच्या हाती दिलं.

चिगुसाने पट्टा ठोकून बसवला आणि मला पाण्यात बुडवलं. अहाहा! लाकूड फुगलं, फटी मिटल्या. शनिवारी भात पडला आणि मी पूर्वीसारखी पाणी प्याले.

हामाजीआजोबांनी पहिला घास तोंडात टाकला. आजोबा चावताहेत, चावताहेत... मग बशी पुढे सरकवून खेकसले, "बघतेस काय पोरी? वाढ की!"

सगळं दुकान हशाने दणाणलं. चिगुसा हसता हसता रडली. माझ्यात तर मूठभरही भात उरला नाही. जिंकलो आम्ही दोघी!

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणीतरी माळ्यावर नाहीतर कपाटात बसलं असेल. त्याला खाली काढा. धुवा, पुसा, सावलीत वाळवा, आणि उद्या पुन्हा राबवा. पूजा नको आम्हाला, काम द्या!