तबकडीखालचं नाव

मी काचेआडून बोलतोय. शेजारच्या पितळी पाटीवर माझा इतिहास कोरलेला आहे. तो वाचून झाला असेल, तर आता जरा माझंही ऐका.

माझा जन्म १९४१ सालचा, फ्लोरेन्समधला. तेव्हा आमची कंपनी श्रीमंतांची नव्हती. ती नौदलाला होकायंत्रं पुरवायची, आणि पाण्याखालून जाऊन शत्रूच्या जहाजांना सुरुंग लावणाऱ्या पाणबुड्या सैनिकांसाठी अंधारात चमकणारी घड्याळं बनवायची. नौदलाची सक्त ताकीद होती: घड्याळावर नाव नको. कंपनीचं नको, माणसाचंही नको. फक्त क्रमांक. माझा सदतीस.

माझे आकडे डेल्फिनाने रंगवले. वय एकोणीस. रंगात रेडियम असायचं. रेघ बारीक यावी म्हणून ती दर आकड्याला कुंचल्याचं टोक ओठांत धरून निमुळतं करी. सगळ्याच पोरी तसं करत. मुकादमांनीच शिकवलं होतं.

"ए डेल्फिना, दात दाखव बघू! चमकायला लागले का?" शेजारची नेल्ला चिडवायची.

"चमकू देत. दिवे बंदचा भोंगा झाला की या सगळ्या माझ्या मागून चालत!"

मी पुरा झालो त्या दिवशी तिने माझी तबकडी उलटी केली आणि मागच्या बाजूला सुईने आपलं नाव कोरलं. "वर नको म्हणालेत ना? मग खाली," ती पुटपुटली.

पुढे मी ओरेस्ते नावाच्या पाणबुड्या सैनिकाच्या मनगटावर गेलो. मी इतका उजळायचो, की पहारेकऱ्यांना दिसू नये म्हणून तो माझ्याभोवती शेवाळ गुंडाळायचा. "गप पड रे जरा," म्हणायचा. वेळ पाहायची झाली की शेवाळ बोटभर सरकवायचा. तेवढ्या उजेडावर तो तीनदा जिवंत परत आला.

युद्ध संपल्यावर तो मला दुरुस्तीला घेऊन आला. कारागिराने तबकडी काढली, तेव्हा ओरेस्तेला मागचं नाव दिसलं.

"ही कोण?"

"ती काय, खिडकीशी बसलीय."

सहा महिन्यांत त्यांचं लग्न झालं. मग ओर्नेला जन्मली. मग डेल्फिनाचे दात पडू लागले. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "बाई, दात नीट घासत जा." तिचा जबडा सडला. ओर्नेला सात वर्षांची असताना ती गेली. ओरेस्तेने मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं, आणि पुन्हा कधी चावी दिली नाही.

इकडे कंपनी विकली गेली, मोठी झाली. आता माझ्या धाकट्या भावंडांना मोटारीची किंमत पडते. ती घालणारे पोहण्याआधी त्यांना काढून ठेवतात म्हणे! आणि कंपनीला अचानक आपल्या नौदलाच्या दिवसांची आठवण आली.

कंपनीच्या संग्रहालयाचे तेबाल्दी मला मागायला ओर्नेलाकडे आले. ती तेव्हा सत्तरीची, निवृत्त शिक्षिका.

"पैसे नकोत मला," ती म्हणाली. "पाटीवर आईचं नाव हवं."

"अहो सिन्योरा, हे काय सांगायला हवं?"

तिने लेखी घेतलं नाही. शब्दावर विश्वास ठेवला.

मग मला किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राखाली धरलं. यंत्र कटकटू लागलं तसे सगळे दोन पावलं मागे सरकले. शिशाचे हातमोजे आले, लांब चिमटे आले. जे डेल्फिनाने जिभेवर घेतलं होतं, ते त्यांनी हातभर अंतरावरून उचललं. माझी तबकडी शिशाच्या पेटीत गेली. मला नवी बसवली. तिच्यावर कंपनीचं नाव आहे, ठळक.

उद्घाटनाला ओर्नेला आली. तिने पाटी दोनदा वाचली. समुद्र, शौर्य, ओरेस्ते, कंपनीची परंपरा.

"आईचं नाव कुठंय?"

"त्याचं असं आहे, सिन्योरा," तेबाल्दी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या आईंनी रंगवलेली तबकडी आता या घड्याळात नाहीच. मग नाव कसं लावणार?"

"मग ती तबकडी मला द्या."

"ती धोकादायक आहे हो!"

"ते आम्हाला माहीत आहे," ओर्नेला म्हणाली. "तुमच्या आधीपासून."

तिने केसांतला आकडा काढला आणि त्या पाटीवर, सगळ्यांदेखत, सावकाश नाव कोरलं. पहारेकरी धावला. "अहो, काय करताय?"

"आईचं राहिलेलं काम."

दुसऱ्या दिवशी पाटी बदलली. नवीवरही ते नाव नाही.

इथे दर तासाला दिवे मालवतात आणि मी चमकतो. तुम्ही वाहवा म्हणता. म्हणू नका. हा उजेड गेल्या वर्षीचा आहे. जुनी तबकडी तळघरात आहे. तिची चमक केव्हाच गेली, पण तिचं विष निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतील. तोवर तरी कुणी तिथे जा, पेटी उघडायला लावा आणि तबकडी उलटी करून वाचा.