गुडघाभर ठेवलेले बुंधे

कळमनुरीजवळच्या पाटबंधारे वसाहतीत बारा क्वार्टर होते आणि त्यांच्या मधल्या सामाईक मैदानात येडी बाभळ अशी माजली होती, की नळावर जायचं तर अंगावर ओरखडे ठरलेलेच. त्या मे महिन्यात तिचा काटा रणजीतच्या चपलेतून आरपार टाचेत घुसला. पाय भोपळ्याएवढा सुजला, पिकला, डॉक्टरनं चिरला. लेकराच्या किंकाळ्या चार दिवस सगळ्या क्वार्टरांनी ऐकल्या. पाचव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्याचा बाप गुलाबचंद पाण्याच्या टाकीजवळ भरलेल्या वसाहतीच्या बैठकीला कुऱ्हाड घेऊनच आला.

"काहून वाढून राहिली ही अवदसा? दर होळीला तर कापतो आपण!"

"मी सांगते काका!" म्हणत शाहिस्ता टाकीच्या ओट्यावर चढली. पंप ऑपरेटर हाशिमची ही पोरगी, नववीतली. जानेवारीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली तेव्हापासून हिचं तोंड म्हणजे सोडलेला नळ! "शेळ्या शेंगा खातात, बी लेंड्यांतून जसंच्या तसं बाहेर पडतं. मागच्या पावसाळ्यात एका ढिगात अकरा रोपं मोजली मी. अकरा!"

टाळ्या पडल्या. काय गोड वाजल्या! अजून अर्धं बोलणं बाकी होतं, पण शाहिस्ता मान लववून हसत खाली उतरली.

तेवढ्यात सगळ्यांच्या माना कडेच्या खोलीकडे वळल्या. वसाहतीत शेळ्या एकाच दाराला होत्या, वॉचमनच्या विधवेच्या, नीलाबाईच्या. मूळची तांड्यावरची ही म्हातारी तीन शेळ्यांवर जगायची.

"म्हणजे माझ्या पोराचा पाय हिनं सडवला!" गुलाबचंद उठलाच.

शाहिस्ताचं हसू तोंडातच वाळलं. कडेच्या अंगणात खुंट्याला चांदी नावाची शेळी बांधलेली होती. गाभण. तिचं पहिलं करडू नीलाआजीनं शाहिस्तालाच कबूल केलं होतं.

"काका, थांबा! अजून पुढचं..."

कोण ऐकतो! गुलाबचंदनं अंगणाचं दार लाथेनं उडवलं. नीलाबाई विळा घेऊन आडवी आली. "हात तर लाव माज्या जनावराला, मुडद्या!" त्यानं तिला ढकलली. ती पडता पडता विळा फिरवून गेली आणि त्याचं मनगट ते कोपर उभं फाटलं. रक्त पाहून तो अजून चवताळला. कुऱ्हाड खाली आली. चांदीनं मान झटकली म्हणून मान वाचली, पण अख्खा कान तुटून धुळीत पडला. तिचं ते ओरडणं! अगदी रणजीतसारखं.

दुसऱ्या घावाला कुऱ्हाड वर गेली तशी शाहिस्ता चांदीच्या अंगावर पडली.

"शाहिस्ता, हट!" हाशिम धावला. गुलाबचंदनं शेवटच्या क्षणी हात वळवला, तरी कुऱ्हाडीचा दांडा तिच्या मनगटावर बसलाच. कडकन आवाज झाला. डोळ्यांपुढं काजवे चमकले, पण तोंड? ते थोडंच मोडलं होतं!

"शेळीनं एक बी टाकलं, काका! त्याची सात झाडं कुणी केली? काट्यात वाकायला नको म्हणून होळीला तुमी गुडघाभर बुंधा ठेवून कापता! मोजा जाऊन, एकेका बुंध्याला सात-सात फुटवे हायत! मारायचं तर त्याला मारा, जमिनीच्या खाली!"

मैदानात गुडघाभर उंचीचे बुंधे उभे होते, दर होळीच्या घावाखाली एकेक गाठ.

नीलाबाईनं आपली ओढणी फाडली. अर्धी चांदीच्या कानाला बांधली, अर्धी शाहिस्ताच्या मनगटाला, आणि ती गाठ मुद्दाम करकचून आवळली.

"हे आधी काहून न्हाई बोललीस गं?"

"टाळ्या पडल्या, आजी."

"व्हय. त्या टाळ्यांत माज्या चांदीचा कान गेला." म्हातारी उठली. कोपऱ्यातला टिकाव तिनं गुलाबचंदच्या रक्ताळलेल्या पायांपुढं फेकला. "शेंगा हायत तवर मी शेळ्या बांधून ठेवते. तुला मारायचंच हाय ना? चल, मार."

गुलाबचंदनं खांद्यावरचं फडकं फाटलेल्या हाताला आवळलं, टिकाव उचलला आणि जवळच्या बुंध्याशी वाकला. काटे गालात शिरले. त्यानं मारला, पुन्हा मारला, दात-ओठ खात, रडत. ढेकळं उडाली, तांबडी मुळी दिसली.

"चल शाहिस्ता, दवाखान्यात!" हाशिम ओढत होता.

"अब्बा, एक मिनिट." ती मोडका हात छातीशी धरून खड्ड्याच्या काठावर जाऊन उभी राहिली. या वेळी कुणी टाळी वाजवली नाही, आणि ती थांबलीही नाही.

"अजून खाली, काका."