पायलीत मावलेलं पिल्लू

मित्रांनो, मी धान्य मोजायची जुनी लोखंडी पायली. बाळापूरच्या एका लोहाराने मला घडवलं आणि डोमाजीच्या वडिलांनी मला घरी आणलं. डोमाजीची बायको इंदूबाई नवरी म्हणून आली तेव्हा मी आधीच त्या घरात होते, म्हणून मी तिला अहोजाहो करत नाही.

माझं चांगलं चाललं होतं. अर्ध्या गावाची ज्वारी, तूर माझ्यातून गेली. आमच्या घरी एक रीत होती. मांजराचं, कुत्र्याचं पिल्लू घरात आलं की मूठभर ज्वारी टाकून त्याला क्षणभर माझ्यात बसवायचं. तेवढं झालं की ते घरचं झालं. मग त्याला कुणी बाहेर काढत नसे.

डोमाजी गेले. मुलगा ललित नोकरीसाठी अमरावतीला आला, तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं आणि इंदूबाईसोबत मीही आले. इथे ज्वारी पिशवीतून येते. माझ्यात लसूण ठेवू लागले. मोजायचं काही उरलं नाही, याचं मला फार वाईट वाटे.

त्यात इंदूबाई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं, आत पट्टी बसवली आणि हाती वॉकर आला. डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा पडायचं नाही. ललित आणि सून नीलम ऑफिसला, नात पायल कॉलेजला. दिवसभर इंदूबाई एकटी भिंतीकडे बघत बसे. म्हणून कुत्रा आणायचं ठरलं. मात्र लहान जातीचा, तिला धक्का लागणार नाही असा.

ललितने अकोल्याहून पांढरं पिल्लू आणलं. पायलने लसूण काढून त्याला माझ्यात बसवलं. ते आत मावलं, वर काठ मोकळा राहिला.

"पाह्य माय, पायलीत मावून राह्यला," ललित म्हणाला. "विकणारा म्हणे असली पामेरियन आहे, इतलाच राहते."

"मंग काही भेव नाही," इंदूबाई म्हणाली.

आता मला सांगा, मी आजचं माप सांगते. उद्याचं मला कुठून ठाऊक? ती रीत आपलं म्हणायची होती, त्यांनी तिचा फूटपट्टीसारखा वापर केला. पिल्लाची आई किती मोठी, हे कुणी पाहिलंच नाही.

त्याचं नाव दाणू. दिवसभर इंदूबाईच्या पावलावर हनुवटी टेकून पडायचा. ती बोलू लागली, हसू लागली. दाणू झोपायला माझ्यात यायचा. दिवाळीपर्यंत तो आत मावेनासा झाला. जनावरांच्या डॉक्टर फलक म्हणाल्या, "याची आई बघितली असती तर कळलं असतं. अजून वाढेल हा." आणि तो वाढला, मांडीपर्यंत उंच झाला.

एका दुपारी बेल वाजली. पायल आली म्हणून दाणू आनंदाने धावला आणि वॉकरला धडकला. इंदूबाई आडवी झाली. हाड वाचलं, पण घर हादरलं. दाणूला ठेवायला ललितने बाळापूरच्या पुढे एका ओळखीच्याचं शेत शोधलं.

न्यायच्या दिवशी दाणू दारातून मागे फिरला आणि धावत माझ्याकडे आला. पुढचे दोन्ही पाय माझ्यात घालून अंग चोरू लागला. मी कलंडले. तो पुन्हा शिरायला बघे, मी पुन्हा कलंडे. पायलीत बसलं की घरात ठेवतात, एवढंच त्याला आठवत असावं.

"माय, काय करू?" ललितने विचारलं. त्याला ओढून न्यायला त्याचाही हात धजत नव्हता.

इंदूबाईने वॉकर घट्ट धरला. तिला पडायची भीती वाटत होती. "ने त्याले," ती म्हणाली.

आठवड्यातच शेतावरून फोन आला. दाणू दोर तोडून गेला होता. ललितने दोन-तीनदा जाऊन रस्ता धुंडाळला. तो सापडला नाही.

तेव्हापासून या घरात फरशीवर नखं वाजतात. मलाही ऐकू येतात. इंदूबाई ताटावरून मान वर करते, विचारते, "दाणू आला का वं?" आणि पायल खरोखर दार उघडून बघते. माझ्या आत त्याच्या नखांचे ओरखडे आहेत. ते घासून जात नाहीत.

परवा नीलमने मोबाइलवर नवं पिल्लू दाखवलं. या वेळी आई-बाप दोन्ही पाहून आणू, खरंच लहान राहील, म्हणाली.

"पाहाच," इंदूबाई म्हणाली. "पन ते बी मोठं निंगालं तं ठेवसान का, हे मले पयले सांगा."

नीलमने मोबाइल पालथा ठेवला.

मित्रांनो, पिल्लू आणण्याआधी ते केवढं होईल ते जरूर विचारा. तुमचं घर, तुमची माणसं बघा. आणि एकदा त्याला आत घेतलंत, तर त्याच्या वाढण्याचा राग त्याच्यावर काढू नका. वाढू नको म्हणून त्याला सांगता येत नाही.

इंदूबाई आता रोज संध्याकाळी माझ्यात मूठभर ज्वारी टाकते आणि मला दाराशी ठेवते. आला तर त्याला बसायला जागा हवी, म्हणते. तो मावणार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.