ठणठणीत

सूनबाईने फोन केला तो एवढंच सांगायला, "एक तर कोंबड्या, नाही तर नात. दोन्ही मिळायच्या नाहीत."

नात माझ्याकडून परत गेली आणि पोरीला जुलाब, ताप, शेवटी सलाइन लावायची वेळ आली. डॉक्टर म्हणाले, साल्मोनेला. हा जंतू कोंबड्यांच्या, गुरांच्या पोटात असतो, पाण्यातूनही येतो. झालं! सूनबाईला आयतंच निमित्त मिळालं.

आरोग्यखात्याची बाई आली. तिने कोंबड्यांची विष्ठा घेतली, टाकीतलं पाणी घेतलं आणि जाता जाता माझ्याही हातात एक डबी टेकवली. या वयात काय काय करावं लागतं!

मी म्हटलं, "अहो, कोंबड्या ठणठणीत आहेत. माझ्यापेक्षा जोरात पळतात."

"ठणठणीतच असतात," ती म्हणाली. "त्यांना काही होत नाही, त्यांच्यामुळे दुसऱ्याला होतं. पण रिपोर्ट येईपर्यंत थांबा."

थांबणं माझ्या स्वभावात कुठलं? हे गेल्यापासून घरात बोलायला त्याच होत्या. त्यांतली फौजदारीण तर ह्यांच्या खुर्चीत बसून माझं सगळं ऐकून घ्यायची, मध्ये न बोलता. ह्यांना जन्मात कधी जमलं नाही ते! पण नात ती नात. दुसऱ्याच दिवशी खाटकाला बोलावलं. फौजदारीण माझ्याच हातांनी पिंजऱ्यात गेली, गपगुमान, कारण हात ओळखीचा होता. मी दार लावून घेतलं आणि ढसाढसा रडले. मग डोळे पुसून खुराडं मोडलं, अंगण धुऊन काढलं, नातीची चादर उन्हात घातली.

रिपोर्ट घेऊन बाई पुन्हा आली. "पाणी स्वच्छ आहे. कोंबड्यांतही काही सापडलं नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

"तुमच्यात सापडला."

"माझ्यात? मला काय धाड भरलीय! मी चांगली ठणठणीत..."

"कधीतरी कोंबड्यांकडूनच आला असेल," ती समजुतीने म्हणाली. "त्यांच्यातून गेला, तुमच्यात राहिला. बहुतेक जाईल आपोआप, पण वेळ घेतो. तोवर हात साबणाने धूत जा, कुणासाठी स्वयंपाक करू नका. आणि लहान मुलं तर जवळ नकोतच."

नातीला मी माझ्या हाताने भरवलं होतं. ती नको नको म्हणत होती आणि मी म्हणत होते, हा एवढा एकच, आजीचा.

संध्याकाळी फोन वाजला. नातच होती. "आजी, सगळ्या कोंबड्या गेल्या? आई म्हणाली, मग रविवारी जाऊ."

सूनबाईला अजून रिपोर्टचं काही ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले असते, तर पोर रविवारी माझ्या मांडीवर असती.

"एक राहिलीय गं," मी म्हणाले. "म्हातारी आहे. ते दुखणं तिच्याच पोटात आहे. ती बरी झाली की ये हं. आईला सांगते मी सगळं नीट."

"ती एकटीच आहे?"

"एकटीच."

"मग तिला करमत नसेल ना?"

"नाही गं करमत," मी म्हणाले.