दीड किलोचा स्वयंपाक

मागच्या खेपेला रुद्रप्पा बिराजदारनं गडावर पितळेचं पातेलं नेलं होतं. सहा जणांनी ते आळीपाळीनं वाहिलं आणि खाली उतरेपर्यंत प्रत्येक जण चार बोटं बुटका झाला. निदान हरिबा मास्तर तरी सोलापूरभर असंच सांगत हिंडले. मास्तर शाळेत ड्रिल शिकवायचे आणि गड चढणाऱ्या या टोळीचे म्होरके होते. यंदा राजगड-तोरण्याचं ठरताच त्यांनी फर्मान काढलं, की स्वयंपाकाची सगळी भांडी मिळून दीड किलो. काटा कणभर कलला तरी रुद्रप्पा घरी आणि त्याच्या जागी मास्तरांचा मेहुणा.

मिलमध्ये कारकुनी करणारा रुद्रप्पा वर्षभर या चार दिवसांवर जगायचा. फर्मान ऐकलं तसा तो थेट बडेसाबचाचांच्या दुकानात शिरला. चाचा ॲल्युमिनियमची, म्हणजे आपल्या बोलीत जर्मनची भांडी वजनावर विकायचे. गिऱ्हाईक जाड भांडं शोधतं. हा पठ्ठ्या एकेक पातेलं करंगळीवर तोलून जड म्हणून परत ठेवायचा. शेवटी माळ्यावरून एक असं पातेलं निघालं, की रस्त्यावरून जाणारी म्हैस शिंकली आणि ते फळीवरून उडून रुद्रप्पाच्या मांडीत येऊन बसलं.

चाचा म्हणाले, "चाळीस साल लोक वजन कमी भरलं म्हणून भांडले. जास्त भरलं म्हणून भांडणारा तूच पहिला रे."

पातेलं, झाकण, तवा, पळी. दीड किलोला दहा ग्रॅम कमी! रुद्रप्पाला तिथंच नाचावंसं वाटलं. भांडी आईच्या, गुरम्माच्या हवाली करून तो मिलच्या पाळीवर पळाला.

गुरम्मानं पातेलं उलटंपालटं करून पाहिलं. घरात आलेलं भांडं बिननावाचं? सहा घरच्या भांड्यांत आपलं ओळखायचं कसं? ती उठली आणि नावं घालणाऱ्या धोंडीरामापुढं जाऊन बसली. त्याचा हात तांब्याच्या हंड्यांवर बसलेला. 'रुद्रप्पा शिवलिंगप्पा बिराजदार' त्यानं छिन्नीनं ठणठणीत ठोकलं.

संध्याकाळी रुद्रप्पानं हौसेनं पातेल्यात पाणी ओतलं. आधी 'रु'मधून धार लागली, मग 'द्र'मधून, आणि बघता बघता वडिलांच्या नावासकट सगळा बिराजदार चुलीपुढं वाहू लागला.

रुद्रप्पानं चुलीपुढंच गळा काढला. गाडी पहाटेची, आणि चाचा दुकान बंद करून अकलूजला लग्नाला गेलेले.

"रडतुस काय असा? सरक तिकडं," गुरम्मा म्हणाली. तिनं ज्वारीचं पीठ घट्ट मळून बाहेरून अक्षरांवर थापलं आणि मंद आचेवर पातेलं फिरवत फिरवत भाजलं. "कडक भाकरी सा म्हैनं टिकती. ही चार दीस न्हाय व्हय टिकायची?"

पुन्हा पाणी ओतलं. थेंब गळेना! रुद्रप्पानं आईला उचलून गरकन फिरवलं, तर म्हातारी त्याच्या टाळक्यात टपल्या मारत सुटली.

पहाटे स्टेशनाबाहेर पेरू विकणाऱ्या रंभाबाईची तागडी मास्तरांनी मागून घेतली. एका पारड्यात दीड किलोची वजनं, दुसऱ्यात भांडी. भांड्यांचं पारडं हळूच खाली गेलं. पिठाचा भार! मेहुण्यानं लगेच बुटाची नाडी आवळायला घेतली.

रुद्रप्पानं पारड्यातलं झाकण उचलून रंभाबाईच्या हातात दिलं, चार दिवस सांभाळा म्हणाला. पारडं वर आलं.

"आन् भात काय उघड्यावर शिजवणार?" मास्तरांनी विचारलं.

रुद्रप्पानं शिदोरीच्या पिशवीतून कडक भाकरी काढली आणि पातेल्यावर ठेवली. कडेला कड अशी बसली, की वारासुद्धा आत जाईना.

"मग हीबी वजनात धर."

"ती शिदोरी हाय मास्तर. तुमी भांडी म्हणाला हुता."

मास्तरांनी भाकरीवर बोटाचं पेर वाजवलं. ठण्ण आवाज आला. हे भांडंच आहे, असं ते म्हणू लागले, पण रंभाबाईनं तागडी उचलून घेतली. "तीस वर्सं तोलतीया मी. बरुबर हाय की. चढा आता."

तेवढ्यात गाडीनं शिट्टी दिली. मेहुणा फलाटावर नाड्या सोडत राहिला आणि रुद्रप्पा पातेलं डोक्यावर धरून डब्यात घुसला.

कुर्डुवाडी यायच्या आत शेंगाचटणी लावून झाकणाचा पाऊण भाग मास्तरांनीच खाल्ला होता. नशीब, पिशवीत अजून अकरा झाकणं होती.