अंदमान आणि धाकूकाकांचा ताप

आमच्याकडे सुट्टी म्हणजे गाव. गणपतीला गाव, शिमग्याला गाव, मे महिन्यात गाव. लग्न होऊन भाईंदरला आले तेव्हापासून मला दुसरी सुट्टी माहीतच नाही. त्यामुळे एका संध्याकाळी माझा मुलगा निकेत ऑफिसातून आला आणि दारातूनच म्हणाला, "आई, डिसेंबरात आपण अंदमानला जातोय, तिकिटं काढली," तेव्हा मी आधी त्याच्यावर ओरडले की बूट बाहेर काढ, आणि मग खुर्ची ओढून बसले.

"विमानाने?" मी विचारलं.

"नाही, होडीने. तू वल्हव."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्या बिल्डिंगमध्येच काय, मागच्या खारी गावातल्या कोळणीपर्यंत बातमी पोचली होती. पोचवली मीच, उगाच कुणाला दोष कशाला देऊ? आणि ज्याला त्याला एकच प्रश्न. समुद्र बघायला एवढ्या लांब? तुमच्या गावाला समुद्र नाही का?

आहे ना. दापोलीच्या पुढे आमचं गाव, घरातून हाक मारली तर किनाऱ्यावर ऐकू जाईल. पण त्या किनाऱ्यावर मी कधी बसले? सुट्टीत घरात वीस-पंचवीस माणसं, आणि मी मुंबईची सून, म्हणजे वर्षभर आराम करून आलेली! आल्या आल्या पदर खोचायचा आणि चुलीपुढे बसायचं ते निघायच्या दिवशी उठायचं. माझ्यासाठी समुद्र म्हणजे पोरं ओल्या चड्ड्यांनी अंगणात वाळू आणायची ती. ती मी झाडायची. मला एकदा, फक्त एकदा, समुद्रासमोर वाळूत नुसतं बसायचं होतं. कुणी चहा मागणार नाही, कुणी "दत्तूची बायको कुठाय?" म्हणून शोधणार नाही, अशा ठिकाणी. एवढंच माझं अंदमान.

पण ते "एवढंच" डोक्यात असं काही शिरलं की विचारू नका. निकेतने इंटरनेटवरून बेटांचा नकाशा छापून आणला, तो मी फ्रिजवर चिकटवला. दूध काढायला गेले की हॅवलॉक दिसायचं, भाजी काढायला गेले की नील. रात्री जेवताना निकेत काचेच्या तळाच्या बोटीचं वर्णन करायचा, की पायाखाली प्रवाळ दिसतं, रंगीत मासे दिसतात. आमचे हे म्हणायचे, "दिसतात ठीक आहे, ताटात कधी येतात?" यांचं नाव दत्ताराम. बोलणं कमी, पण मासे निघाले की तोंड उघडतं. त्यांना सेल्युलर जेल बघायचं होतं आणि सुरमई खायची होती, त्याच क्रमाने, असं ते सांगायचे.

मी स्टेशनजवळच्या बाजारातून पंजाबी ड्रेस आणला. आयुष्यात पहिला. घालून हॉलमध्ये आले तर हे पेपरातून डोकं वर काढून म्हणतात, "कोण पाहिजे आपल्याला?" मी तोच ड्रेस घालून शेजारच्या हंसाबेनकडे गेले. तिने मला गोल फिरवून बघितलं, ओढणी कशी घ्यायची ते शिकवलं, आणि म्हणाली, "मंदाबेन, थेपले मैं बनाऊंगी. प्लेन में खाना." तिच्या मते थेपल्याशिवाय माणूस हवेत तरंगूच शकत नाही.

आणि निघायला पाच दिवस राहिले असताना गावाहून अनसूयेचा फोन आला. अनसूया म्हणजे आमच्या धाकूकाकांची सून.

"वयनी, बाबांनी अंथरून धरलाय. ताप उतरत न्हाय. पेज पन जात न्हाय पोटात."

धाकूकाका म्हणजे यांचे सख्खे चुलते. यांचे वडील लवकर गेले, तेव्हा काकांनीच यांना वाढवलं, शिकवलं. आता ऐंशी ओलांडलेली. दर वर्षी एकदा अंथरूण धरायचे, सगळ्यांना बोलावून घ्यायचे आणि आठवड्याने उठून कवाडीबाहेर विडी ओढत बसायचे. पण कधीतरी एकदा लांडगा खरंच यायचा असतो. मी फोन ठेवून यांना सांगितलं आणि हे गॅलरीत जाऊन उभे राहिले.

माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? काकांना बरं वाटू दे? तेही आलं, पण दुसऱ्यांदा. पहिलं आलं ते सुतक. भावकीतलं माणूस गेलं की दहा दिवस सुतक, गावाला जायचं, दिवस घालायचे. त्यात विमान कुठलं आणि वाळू कुठली? काकांनी अजून श्वास सोडला नव्हता आणि इथे मी त्यांचे दिवस मोजत होते. पण मी तरी काय करू? इतक्या वर्षांनी तोंडाशी आलेला घास होता.

रात्रभर विचार करून मला माझ्या आईचं बोलणं आठवलं. आई म्हणायची, लांबच्या माणसाला सुतक लागतं ते बातमी कानावर पडल्यापासून. कानावर पडलीच नाही तर? सकाळी उठले, देवाला हात जोडले आणि फोनची वायर भिंतीतून उपटून काढली. निकेतच्या मोबाईलचा नंबर गावात कुणाकडे नव्हता. यांना मोबाईल नकोच होता. म्हणजे सगळे कान बंद.

हे आंघोळ करून आले. लोंबणारी वायर बघितली. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तोफ सुटणार. पण ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पेपर उघडला. उलटा. मी तो सुलटा करून हातात दिला.

मग मी दुप्पट जोमाने तयारीला लागले. बॅगा काढल्या, पुन्हा भरल्या. निकेतने बजावलं होतं की वजन जास्त चालत नाही, म्हणून शेजारून वजनकाटा आणून मी बॅग घेऊन त्यावर उभी राहिले, मग बॅगेशिवाय उभी राहिले आणि त्या काट्याचा राग आला. गॉगल घेतला. आरशात बघून स्वतःशीच हसले. फोन नसला की घर किती शांत असतं! दोन दिवस मी अशी हवेत होते, विमानाच्या आधीच.

त्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. दारात हंसाबेन. हातात थेपल्यांचा डबा नाही, काही नाही.

"मंदाबेन, आपके गाव से मेरे घर फोन आया था."

आमच्याकडे फोन नव्हता त्या काळात गावाला आम्ही हंसाबेनचाच नंबर दिलेला, ते मी साफ विसरले होते. अनसूयेने बरोबर शोधून काढला.

"आप लोग फोन नहीं उठाते, इसलिए... वो काकाजी..."

"नको!" मी तिच्या तोंडावर हात ठेवला. खरंच ठेवला. "हंसाबेन, कुछ मत बोलो. तुम्हाला ठाकुरजीची शपथ आहे. आम्ही परत आल्यावर बोलो."

"पण सुनो तो सही..."

मी कानात बोटं घातली. हंसाबेन माझ्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा गंभीर होता, आणि मला एवढंच दिसलं. मग तिने खांदे उडवले, "तमारी मरजी," म्हणाली आणि गेली.

दार लावलं आणि मी बॅगेशेजारी खाली बसले. ऐकलं काहीच नव्हतं, पण कळायचं ते कळलंच होतं. काका गेले. कान बंद केले म्हणून माणूस परत येतो का? यांना शाळेत घालण्यासाठी ज्या माणसाने स्वतःचा बैल विकला होता, तो गेला, आणि यांना कुणी सांगितलं नाही, कारण यांच्या बायकोला वाळूत बसायचंय. मी बॅगेतला गॉगल बाहेर काढून ठेवला आणि भरपूर रडले. पण सांगितलं नाही. संध्याकाळी हे आले तेव्हा नाही, निकेत आला तेव्हाही नाही. "डोळे का लाल?" विचारलं तर म्हटलं कांदा. त्या दिवशी जेवायला वरण-भात होता. सकाळी सांगू, सकाळी सांगू, असं घोकत पडले आणि झोप लागली नाही.

सकाळी मी चहाचं आधण ठेवत होते. आता सांगायचं असं ठरवून मी यांना हाक मारणार, तेवढ्यात बेल वाजली. निकेतने दार उघडलं आणि तो दोन पावलं मागे आला.

दारात धाकूकाका उभे होते. धुतलेला सदरा, डोक्याला मफलर, खांद्याला पिशवी, आणि मागे त्यांना धरून एक रिक्षावाला.

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. मी मोठ्याने "रामा!" म्हणून ओरडले. हे बनियनवर धावत आले आणि त्यांनी काकांना मिठीच मारली.

"काशीमीऱ्याला उतरलो," काका धापा टाकत म्हणाले. "नालासोपाऱ्याची यष्टी. रातभर बसलोय. ह्या पोराला पत्ता दावला, त्यानं आनलाय."

इतक्यात समोरचं दार उघडलं. हंसाबेन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "यही तो बोल रही थी मैं कल! काकाजी खुद निकल पड़े हैं, लेने जाओ!" आणि दार आपटून आत गेली. तिचा राग अगदी बरोबर होता.

काकांना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं. हे त्यांच्या पायाशी जमिनीवर बसले होते. "काका, ताप असताना कशाला आलात? अनसूयेने सोडलं कसं?"

"ताप उतारला. आनि सोडते कशाला ती? मीच आलो निघून." काकांनी मफलर सोडला. यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "मंदा, तू बरी हायस ना?"

मला कळेना. "मी? मला काय झालंय काका?"

"दोन दिस फोन लावताव. नुसता वाजतोय. दत्तू काय कधी फोन उचलनारा न्हाय. एवढी वर्सं बगतोय, या घरातला फोन तूच उचलतेस. पयल्या रिंगला. म्हटलं उचलत न्हाय म्हंजे मंदालाच काय तरी झालाय, आनि आमाला कोन सांगत न्हायत. मंग अंथरुनात पडून काय करू?"

मी तिथेच उभी. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घराला माझं नावही माहीत नाही. आणि हा माणूस अंगातला ताप झटकून रात्रभर एस.टी.त बसून आला होता, पुतण्यासाठी नाही, माझ्यासाठी.

मग मी सगळं सांगितलं. अंदमान, सुतक, वायर, कानातली बोटं, सगळं. हे मधे मला थांबवायला बघत होते, पण मी थांबले नाही. काकांनी ऐकून घेतलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता खोकला आला, खोकता खोकता पुन्हा हसू.

"आनि मेलोच असतो तर?" ते म्हणाले. "तुजी वायर उपटलेली, नि मी तिकडं खोळंबलेला!"

आता निकेतही हसायला लागला, हेही, आणि मी रडत रडत हसत होते. काकांनी डोळे पुसले. "जावा तुमी. मी उद्याच्या यष्टीनं जातो म्हागारी."

"निकेत," मी म्हटलं, "चौथं तिकीट मिळतंय का बघ."

निकेत माझ्याकडे बघत राहिला. हेही. गावापासून लांब जायचं म्हणून महिनाभर नाचणारी मी, आणि मीच अख्खं गाव बरोबर घ्यायला निघाले होते! पण मला कुणी ते सांगितलं नव्हतं, माझ्या मनातूनच आलं होतं.

"आई, त्यांना ओळखपत्र लागेल," निकेत म्हणाला.

काकांनी खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं मतदानाचं कार्ड काढलं. एस.टी.च्या अर्ध्या तिकिटासाठी ते कायम जवळ असायचं. निकेत ते घेऊन मोबाईलवर एजंटशी बोलायला गॅलरीत गेला.

"पन मंदा," काका म्हणाले, "तिकडं जाऊन करायचं काय?"

"काही नाही. समुद्रासमोर वाळूत बसायचं."

"नुसता?"

"नुसतं."

काकांनी जरा विचार केला. "आनि सयपाक?"

"हॉटेलवाला करणार."

"मंग तू काय करनार?"

"मी पण बसणार, काका," मी म्हटलं. "तुमच्या शेजारी."